वडिलांच्या एचएमटी 'जनता' घड्याळाची डायल बदलू का? (आणि रविवारी कोण कोण येतंय?)

रोजची_चावी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसतं वाचत आले, आज पहिल्यांदा लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी शनिवार पेठेत राहते, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेय. माझ्याकडे ३७ मनगटी घड्याळं आहेत. त्यातली २९ एचएमटी, दोन फावर-ल्यूबा, एक वेस्ट एंड, बाकी किरकोळ. सगळी चावीची, सेलवालं एकही नाही. धाकट्या भावानं सुताराकडून सागवानी पेटी करून दिली, तिच्यात प्रत्येकाला आपापला कप्पा आहे. सकाळचा चहा झाला की पाळीपाळीनं चार घड्याळांना चावी देते, त्यातलं एक हातावर. कानाशी धरून ऐकायचं, मग बांधायचं. दिवसातला हा माझा सगळ्यात आवडता वेळ.

हे सगळं सुरू झालं ते अण्णांच्या जनतापासून. अण्णा म्हणजे माझे वडील, खडकीच्या कारखान्यात फिटर होते. १९७४ साली घेतलं, २००३ मध्ये ते गेले तोपर्यंत तेच एक घड्याळ. रोज सकाळी आकाशवाणी पुणे केंद्राच्या सात-पाचच्या बातम्यांना वेळ लावायची आणि तिथंच उभं राहून चावी द्यायची. एका पावसाळ्यात खडकीहून सायकलवर येताना पार भिजले, आत पाणी गेलं. घड्याळ दुरुस्त झालं, पण डायलवर चार आणि पाचच्या मध्ये चहाच्या कपाचा अर्धा ठसा उमटावा तसा तपकिरी डाग राहिला. शाळेत असताना मी आकडे बघायचेच नाही, डागच बघायचे. रविवारी छोटा काटा डागात शिरला की आई चहा टाकायची.

२००९ मध्ये मी ते ऑइलिंगला दिलं. आठ दिवसांनी आणायला गेले तर डायल पांढरी शुभ्र. डाग गेलेला, अक्षरं नव्यानं छापलेली. घड्याळजी म्हणाले, "ताई, एकदम नवं करून दिलं, डायलचे वेगळे पैसे नकोत." माणूस भला, त्यानं चांगल्या मनानंच केलं होतं. मी पैसे दिले, बाहेर आले आणि दुकानाच्या पायरीवर बसून रडले. त्यानंतर ते घड्याळ मी फारसं बांधलेलंच नाही.

आता प्रश्न. दोन रविवारांपूर्वी जुन्या बाजारात नळाच्या तोट्या आणि रेडिओचे सांगाडे यांच्या ढिगात एक जनता मिळालं. साडेतीनशे रुपये. बंद आहे, हलवलं की आत काहीतरी खुळखुळतं. पण डायल! हात न लावलेली, पांढऱ्याची साय झालेली. भिंगाखाली '१७ ज्युवेल्स पॅराशॉक'च्या अक्षरांच्या कडा केसासारख्या सरळ दिसतात. अण्णांच्या रंगवलेल्या डायलवर तीच अक्षरं शाई फुटल्यासारखी जाड आहेत, आणि 'एम'चा एक पाय तर दुसऱ्यापेक्षा लांब.

ही डायल अण्णांच्या घड्याळात बसवून घेऊ का? डाग परत येणार नाही, ठाऊक आहे. पण निदान कारखान्यातून आलेली खरी डायल तरी असेल.

आणि दुसरं. आजवर ही पेटी मी घरच्यांखेरीज कुणालाच दाखवली नव्हती. त्या दिवशी ढिगासमोर उभी होते तर मागून एक मुलगा म्हणाला, "काकू, ओरिजिनल आहे ती, सोडू नका." पुढं अर्धा तास आम्ही फुटपाथवरच उभे. तो माझ्या हातातलं भिंग घेऊन माझ्याच हातावरचं घड्याळ मला दाखवत होता, आणि चाळीस वर्षांत मला न दिसलेल्या तीन गोष्टी त्याला दिसल्या. म्हणून विचारतेय, येत्या रविवारी सकाळी आठ वाजता संभाजी उद्यानात कोण येईल? एकच घड्याळ असलं तरी घेऊन या.

घड्याळजींचा_मुलगा

ताई, लिहिलंत ते फार बरं झालं.

माझे वडील घड्याळजी होते. मी स्वतः बँकेत नोकरी केली, पण दहावीपर्यंत संध्याकाळी दुकानात त्यांच्या शेजारी बसायचो, आणि निवृत्तीनंतर पुन्हा त्यांच्याच हत्यारांवर बसलोय. त्यामुळं डायलीबद्दल आधी कामाचं सांगतो.

डायलच्या मागं दोन बारीक पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसतात आणि कडेच्या दोन इवल्या स्क्रूंनी धरले जातात. दोन्ही घड्याळांत एचएमटीचं ०२३१ मशीन असेल तर डायल बदलायला काहीच अडचण नाही, वीस मिनिटांचं काम. पण डायल रंगवणारे लोक कधी कधी पाय मोडतात आणि मग डायल गोंदानं मशीनला चिकटवून देतात. तुमची तशी असेल तर उचकटायला जाऊ नका, मशीनच्या वरच्या पट्टीला इजा होते. आधी उघडून बघायला हवं.

बाजारातलं घड्याळ खुळखुळतंय म्हणजे बहुतेक बॅलन्सच्या, म्हणजे आतल्या मागंपुढं झुलणाऱ्या चाकाच्या, दांडीचं टोक मोडलंय. हे टोक केसाइतकं बारीक असतं. पॅराशॉकची स्प्रिंग पुष्कळसे धक्के पचवते, पण घड्याळ फरशीवर उभं आपटलं तर तिचाही इलाज चालत नाही. ०२३१ इतकी बनली की दुसऱ्या मशीनचा बॅलन्स मिळणं सोपं आहे. माझ्याकडेच डबाभर पडलेत.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं. माझ्या मते बदला. घड्याळ म्हणजे सुट्या भागांचा संसार. मेनस्प्रिंग तुटते, काच जाते, चावी द्यायचा क्राउन झिजतो, आम्ही बदलतोच. पानशेतच्या पुरानंतर, १९६१ च्या जुलैत, वडिलांच्या दुकानात चिखलानं भरलेली घड्याळं महिनोन्‌महिने येत होती. पांढऱ्या पेट्रोलमध्ये धुवायची, चार मेलेल्यांतून तीन जिवंत करायची. लोक घड्याळ चालू झालं म्हणून हात जोडायचे, कुठला भाग कुणाचा हे कुणी विचारलं नाही.

रविवारी येतो. सोबत वडिलांचं फावर-ल्यूबा सी-किंग आणतो.

कोथरूडचा_सेकंदकाटा

काकू, तो मुलगा मीच! जुन्या बाजारातला!

मी हिंजवडीत कामाला आहे, घड्याळांचं वेड दोन वर्षांचं. माझ्याकडे पाच आहेत, त्यातलं रोजचं सैको ५. ऑफिसात सगळ्यांच्या हातावर स्मार्टवॉच असतं. माझं घड्याळ कुणी बघितलं तर किती पावलं मोजतं एवढंच विचारतात. त्या दिवशी फुटपाथवर पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी अक्षरांच्या कडांबद्दल बोललं. घरी जाऊन आईला तासभर तेच सांगत होतो.

डायल बदला असं मलाही वाटतं, कारण रंगवलेल्या एचएमटी आता ऑनलाइन इतक्या विकल्या जातात की खरी डायल दिसली तरी बरं वाटतं. निळ्या, हिरव्या, भगव्या डायली, वर तिरंगा, वर विमान. कारखान्यानं कधीच न बनवलेली रूपं. परदेशातले संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि भारतातून येणाऱ्या प्रत्येक घड्याळाकडे संशयानं बघतात. त्याचं मला फार वाईट वाटतं.

एक शंका. माझं सैको महिनाभर दिवसाला चार मिनिटं पुढं जातंय. पडलेलं नाही, भिजलेलं नाही. रविवारी दाखवू का?

भोर_ते_पुणे

मी दोघांशीही सहमत नाही. ताई, कृपा करून बदलू नका.

माझ्याकडे फक्त तीन घड्याळं आहेत, त्यामुळं माझा अनुभव तुमच्यापुढं काहीच नाही. पण त्यातलं एक माझ्या आजीचं. भोरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिच्या घड्याळाचा क्राउन कुणीतरी मोठा, भलताच बसवलेला आहे, पुरुषांच्या घड्याळाचा. माझ्या नवऱ्यानं बरोबर मापाचा शोधून आणला. मी बसवू दिला नाही. आजीला संधिवात होता. लहान क्राउन तिच्या बोटांना धरवेना म्हणून तिनं स्वतः मोठा बसवून घेतला होता. हे मला आत्यानं सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर मीही 'चूक' म्हणून काढून टाकला असता.

तुमच्या घड्याळावर २००९ मध्ये जे झालं ते वाईट झालं. पण झालं ते त्याच घड्याळाला झालं. आणि दुसरी गोष्ट, बाजारात मिळालेलं जनता हेही कुणाचं तरी अण्णांचंच होतं ना? त्याची डायल काढली तर ते कायमचं सांगाडा होईल. काकांनीच लिहिलंय की ते चालू होऊ शकतं. मग चालू करा ना.

रविवारी मीही येते, आजीचं घड्याळ घेऊन.

रोजची_चावी

भोरच्या ताई, तुमचं लिहिलेलं काल रात्री तीनदा वाचलं. दुसऱ्या घड्याळालाही कुणीतरी होतं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी त्याच्याकडे नुसती एक डायल म्हणून बघत होते. काका म्हणतात तेही पटतं. ठरवत नाही अजून, आधी दोन्ही उघडून बघू.

सेकंदकाट्या, आण घड्याळ. तुझ्या टेबलावर स्पीकर आहे का, ते आधी बघ.

रोजची_चावी

काल रविवार झाला. जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवते.

पाच जण येतील म्हणून मी तेवढाच चिवडा नेला होता, आलो अकरा. झाडाखालच्या बाकावर मी आईची जुनी पांढरी सुती साडी घडी घालून पसरली. पांढऱ्यावर डायलचा रंग खरा दिसतो, आणि खाली पडलेला स्क्रूसुद्धा सापडतो. सकाळचं ऊन तिरकं होतं, डायल बघायला याहून चांगला उजेड दुकानातही नसतो.

चिंचवडचे एक आजोबा अंधांसाठीचं एचएमटी घेऊन आले होते. काच वर उघडते, बोटांनी काटे चाचपायचे. त्यांच्या मोठ्या भावाचं. त्यांनी आम्हा प्रत्येकाला डोळे मिटायला लावले आणि वेळ सांगायला सांगितली. मला नऊ वाजून दहा मिनिटं सांगता आली, अगदी बरोबर. काटे जाड, मजबूत असतात, बोटानं सरकत नाहीत. इतकी वर्षं घड्याळं हाताळून वेळ पहिल्यांदा बोटांना कळली. त्यानंतर बराच वेळ मी काही बोलले नाही.

एकानं आजोबांचं पन्नासच्या दशकातलं स्विस घड्याळ आणलं होतं, आकड्यांवर पिवळट जाड लेप. काकांनी लगेच सांगितलं, ते आता अंधारात चमकत नाही म्हणून निरुपद्रवी झालं असं समजू नकोस. जुन्या लेपात रेडियम असायचं. चमक देणारा पदार्थ थकतो, पण रेडियम निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. घड्याळ बंद राहू दे, लेप खरवडायचा नाही, घरी झाकण उघडायचं नाही. आपण आजही चमकणाऱ्या कुठल्याही रंगाला सर्रास रेडियम म्हणतो, ते त्या काळापासून जिभेवर बसलेलं.

सेकंदकाट्याचं सैको पाच मिनिटांत कळलं. त्यानं फोनवरचं होकायंत्र उघडलं, घड्याळ जवळ नेलं आणि सुई गर्रकन फिरली. चुंबकत्व लागलं होतं. रोज रात्री घड्याळ स्पीकरवर काढून ठेवायचा. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पळायला लागतं. काकांनी घरी नेऊन ते उतरवून दिलं, अर्ध्या मिनिटाचं काम.

आता अण्णांचं.

बागेत धूळ होती म्हणून काकांनी तिथं उघडायला साफ नकार दिला. आम्ही पाच जण नवी पेठेत त्यांच्या घरी गेलो. खिडकीशी वडिलांचं टेबल, त्याला पुढं कड, म्हणजे भाग घरंगळून खाली पडू नये. काकूंनी चहा आणला तो काकांनी दुसऱ्या खोलीतच ठेवायला लावला.

झाकण काढलं. आतल्या बाजूला सुईनं ओरखडल्यासारखी बारीक अक्षरं. मला काहीच दिसेना. काकांनी झाकण उजेडाला तिरपं धरलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ही आमची वही. प्रत्येक घड्याळजी काम केल्यावर इथं खूण करतो, तारीख टाकतो, म्हणजे पुढच्याला कळतं." चार नोंदी होत्या. ७८, मग ७-८३, मग ९१, आणि शेवटची २००९. तीन वेगवेगळी अक्षरं. ७-८३ म्हणजे १९८३ चा जुलै. तोच पाऊस. आईला विचारायला ती नाही, पण मी नववीत होते, जुळतं.

मग काटे काढले, कडेचे दोन स्क्रू सैल केले. पाय शाबूत होते, गोंद नव्हता. डायल सुटली. काकांनी ती चिमट्यात धरून उलटी केली आणि थांबले. "ताई, हे बघा."

डायल पितळेची असते. रंगवणाऱ्यानं पुढून सगळं घासून काढलं होतं, मागून त्याला हात लावायचं कारणच नव्हतं. मागच्या पितळेवर एका कडेला हिरवट, खरबरीत अर्धगोल होता. पाण्यानं धरलेला कळक. मागून बघितलं की उलटं दिसतं, म्हणून तो सात आणि आठच्या मध्ये होता. पुढून धरलं तर बरोबर चार आणि पाचच्या मध्ये.

सोळा वर्षं तो तिथंच होता.

काकांनी विचारलं, "साफ करू का? कळक वाढतो." आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी त्यांनी कोरड्या, मऊ ब्रशनं सुटी भुकटी तेवढी झटकली, बाकी तसंच ठेवलं आणि डायल परत बसवली. मशीन धुतलं, तेल दिलं. झाकण लावण्याआधी मला म्हणाले, नोंद तुम्ही करा. माझा हात थरथरत होता म्हणून भोरच्या ताईंनी झाकण धरलं. पाचवी नोंद माझ्या हातची आहे.

बाजारातल्या जनतालाही त्यांच्या डब्यातला बॅलन्स मिळाला. त्याच्या झाकणात सहा नोंदी निघाल्या, अण्णांच्यापेक्षा दोन जास्त. कुणीतरी फार नीट सांभाळलं होतं. चावी दिल्यावर क्षणभर काहीच नाही, काकांनी हलकेच फिरवलं आणि बॅलन्स सुटला. सेकंदाला पाच ठोके, तासाला अठरा हजार. सगळ्यांनी आळीपाळीनं कानाला लावून ऐकलं.

आम्ही एक ठरवलंय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटायचं, आणि ज्याला वाटेल त्यानं आपलं एक घड्याळ दुसऱ्याला पुढच्या भेटीपर्यंत वापरायला द्यायचं. पेटीत ठेवायला नाही, हातावर बांधायला. सुरुवात मी केली. बाजारातलं जनता सेकंदकाट्याकडे गेलंय.

घड्याळजींचा_मुलगा

माझं मत मागं घेतो. ती डायल काढून दुसरी बसवली असती तर जुनी कागदाच्या पुडीत गेली असती आणि तिची मागची बाजू कुणी पाहिलीच नसती. वडील असते तर त्यांनीही ती परतच बसवली असती, असं मला रविवारपासून वाटतंय.

ताई, एक काळजी घ्या. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि महिन्याला बदला. त्या कळकाला ओलावा मिळता कामा नये.

कोथरूडचा_सेकंदकाटा

आठ दिवसांचा हिशेब: जनता रोज साधारण २० सेकंद मागं पडतंय. रात्री डायल वर करून ठेवलं तर १२. काका म्हणाले तेल बसेपर्यंत एवढं चालेल.

काचेवरचे ओरखडे टूथपेस्ट आणि मऊ कापडानं घासून काढले. ॲक्रिलिकची काच आहे म्हणून जमलं, तेही अगोदर काकांना फोन करून विचारलं. डायलला हात लावलेला नाही.

आणि काकू, ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, तिच्या आजोबांचं असंच एक घड्याळ नाशिकला कपाटात पडून आहे, बंद. दिवाळीत घेऊन येणार आहे. मी तिला झाकणाच्या आतलं सांगितलं.

रोजची_चावी

आण तिला. आणि तिला सांग, आणण्याआधी कुठं ऑइलिंगला देऊ नकोस.

आज अण्णांचं बांधलंय. सात-पाचच्या बातम्यांना लावलं.